शेल स्क्रिप्टमधल्या कमांडला वेळेची मर्यादा कशी लावायची: टाइमआउट नीट वापरायची पद्धत

स्क्रिप्टमधली एखादी कमांड अडकली की बहुतेक जण त्या ओळीच्या सुरुवातीला 'टाइमआउट ६०' (साठ सेकंदांत न संपलेली कमांड मारणारी कमांड) चिकटवतात आणि विषय संपला असं समजतात. मग कळतं की कमांड मरते पण स्क्रिप्ट म्हणते सगळं ओके, किंवा कमांड मरतच नाही, किंवा आपण मारली एक आणि खरं काम करणारी दुसरीच कुठेतरी आरामात चालू आहे. टाइमआउट लावणं एका ओळीचं काम आहे. मर्यादा नक्की कोणाला लागली आणि वेळ संपल्यावर पुढे काय करायचं, हे ठरवण्यात खरी मेहनत आहे आणि चुका तिथेच होतात.

सुरू करण्याआधी एक सूचना: खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये नेहमीसारखी इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाका.

१. आधी ठरवा, कुठली वेळ मोजायचीय

एकाच नावाखाली चार वेगळ्या वेळा असतात. एक म्हणजे घड्याळाची वेळ, कमांड सुरू झाल्यापासून किती सेकंद गेले ते, टाइमआउट हीच मोजतं. दुसरी सीपीयूची वेळ. 'युलिमिट -टी ६०' लावलं तर साठ सेकंद सीपीयू खाल्ल्यावरच प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या कमांडला, थांबण्याचा सिग्नल जातो. नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत बसलेली कमांड सीपीयू जवळपास खातच नाही, त्यामुळे ती तासभर अडकली तरी युलिमिटला पत्ता लागत नाही, आणि लोक हीच मर्यादा लावून निर्धास्त झोपतात. तिसरी नुसती कनेक्शन जोडायची वेळ, चौथी 'मधे इतका वेळ काहीच आलं नाही तर' या प्रकारची. फाइल कॉपी करणाऱ्या आरसिंकचा स्वतःचा टाइमआउट हा ऑप्शन या चौथ्या जातीचा आहे, थोडा थोडा डेटा येत राहिला तर तो कधीच लागू होणार नाही.

कमांडमध्ये स्वतःचा ऑप्शन असेल तर आधी तो वापरा, कारण ती कमांड आपलं आपण नीट आवरून बाहेर पडते आणि काय चुकलं तेही सांगते. वेबवरून डेटा आणणाऱ्या कर्लला मॅक्स-टाइम आणि कनेक्ट-टाइमआउट आहेत, वेळ संपली की कर्ल २८ हा एक्झिट कोड देतो (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक). दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणाऱ्या एसएसएचला कनेक्टटाइमआउट आहे, पण तो फक्त जोडणीपुरता, पलीकडे कमांड किती वेळ चालली याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. युजरकडून इनपुट घ्यायचं असेल तर बॅशच्या रीड कमांडला '-टी ५' द्या, तिथे बाहेरून टाइमआउट लावूच नका. लॉकसाठी वाट बघायची असेल तर एफलॉकला '-डब्ल्यू' आहे.

यातलं काही पुरत नसेल, किंवा कमांड कुठे अडकेल याचा भरवसाच नसेल, तेव्हा बाहेरून टाइमआउट लावा. दोन्ही एकत्र लावले तरी हरकत नाही, फक्त आतली मर्यादा बाहेरच्यापेक्षा कमी ठेवा.

२. मशीनवर कुठलं टाइमआउट आहे ते बघा

बहुतेक लिनक्सवर ग्नू कोअरयुटिल्स या मूळ कमांडच्या संचातलं टाइमआउट असतं, पुढचं सगळं त्यालाच धरून लिहिलंय. मॅकवर ते सहसा मुळात नसतं, होमब्रूने कोअरयुटिल्स टाकलं की 'जीटाइमआउट' नावाने मिळतं. अल्पाइनसारख्या छोट्या कंटेनर इमेजमध्ये बिझीबॉक्स या आटोपशीर संचातलं टाइमआउट येतं, आणि बिझीबॉक्स १.३० च्या आधीचं असेल तर त्यात वेळ '-टी १०' अशी द्यावी लागायची, नंतर ती पद्धत बदलली. म्हणजे लॅपटॉपवर चालणारी स्क्रिप्ट जुन्या कंटेनरमध्ये गेल्यावर वेळेच्या आकड्यालाच कमांडचं नाव समजून बसते.

तपासा: टर्मिनलमध्ये 'टाइमआउट २ स्लीप १०; एको $?' चालवा ($? म्हणजे आधीच्या कमांडचा कोड). दोन सेकंदांनी १२४ छापून आलं तर पुढे चला. १२७ आलं तर टाइमआउट मशीनवर नाहीच. दुसरं काही आलं तर आधी मॅन पान, म्हणजे कमांडचं माहितीपान, वाचा. हे करायचं ते ज्या मशीनवर स्क्रिप्ट खरंच चालणार आहे तिथे, तुमच्या लॅपटॉपवर करून उपयोग नाही.

टाइमआउट कुठूनच मिळत नसेल तर पर्लची एक ओळ कामी येते: 'पर्ल -ई "अलार्म शिफ्ट, एक्झेक @एआरजीव्ही" ६० कमांड', फक्त इथे डबलच्या जागी सिंगल कोट वापरा. अलार्म एक्झेकनंतरही टिकतो म्हणून हे जमतं, आणि वेळ संपल्यावर कोड १४२ मिळतो. कमांड बॅकग्राउंडला टाकून, शेजारी स्लीप लावून, मग किल करायचा हाताने केलेला जुगाड मात्र टाळा. कमांड लवकर संपली तरी तो स्लीप मागे लोंबकळत राहतो, आणि संपलेल्या कमांडचा प्रोसेस नंबर मधल्या काळात दुसऱ्या प्रोसेसला मिळाला असेल तर भलत्याचाच जीव जातो.

३. आकडा अंदाजाने टाकू नका

कमांडच्या आधी 'टाइम' लावून (किती वेळ लागला ते तो छापतो) ती काही वेळा चालवा, आणि त्यात एखादा वाईट दिवसही येऊ द्या, म्हणजे डेटा जास्त, नेटवर्क मंद, मशीन बिझी. सगळ्यात जास्त लागलेला वेळ घ्या आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. नेहमीच्या वेळेला चिकटून मर्यादा ठेवली तर ती अडकलेल्या कमांडला न पकडता नुसत्या हळू चाललेल्या कमांडला मारत बसते, आणि मग कोणीतरी वैतागून टाइमआउटच काढून टाकतं.

लिहिण्याच्या बाबतीत: नुसता आकडा म्हणजे सेकंद, पुढे एस, एम, एच, डी लावता येतं आणि ती छोटी अक्षरंच हवीत. १.५ असा अपूर्णांकही ग्नूमध्ये चालतो. दीड तास '१एच३०एम' असा जोडून लिहिलेला चालत नाही, '९०एम' लिहा.

धोका: वेळ ० दिली तर टाइमआउट लगेच मारत नाही, मर्यादाच बंद करतं. हे लक्षात ठेवा, आठव्या पायरीत लागणार आहे.

४. दोन टप्प्यांत मारा

साधं टाइमआउट वेळ संपल्यावर टर्म सिग्नल पाठवतं, म्हणजे नंबर १५, म्हणजे 'आवर आणि नीघ' अशी विनंती. ती ऐकणं कमांडवर असतं. कमांडने सिग्नल दुर्लक्षित केला किंवा आवरता आवरताच अडकली तर टाइमआउट तिच्याबरोबर वाट बघत बसतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये नेहमी असं लिहा:

टाइमआउट -के १० ६० ./बॅकअप.एसएच

साठ सेकंदांनी टर्म, त्यानंतर अजून दहा सेकंदांत गेली नाही तर किल, म्हणजे ९ नंबर, जो अडवताच येत नाही. एकूण जास्तीत जास्त सत्तर सेकंद. आकड्यांचा क्रम बघा, '-के' च्या लगेच पुढचा आकडा सवलतीचा आणि नंतरचा मुख्य मर्यादेचा. हे उलटं लिहिणारे भरपूर सापडतात, आणि कोणी चूक दाखवत नाही कारण कमांड तर चालतेच.

सुरुवातीपासूनच '-एस किल' लावणं मला पटत नाही. किल मिळाल्यावर कमांडला टेम्प फाइल पुसायला, लॉक सोडायला, कनेक्शन बंद करायला संधीच मिळत नाही. गिट मधेच मारलं तर इंडेक्सची लॉक फाइल पडून राहते आणि पुढचं प्रत्येक रन तिच्यावर आपटतं.

तपासा: मुद्दाम हट्टी कमांड बनवून बघा, 'टाइमआउट -के २ ३ बॅश -सी' लिहा, पुढे सिंगल कोटमध्ये ट्रॅपला (सिग्नल आल्यावर काय करायचं ते ठरवणारी शेल कमांड) रिकामी स्ट्रिंग आणि टर्म द्या, आणि त्याच कोटमध्ये सेमीकोलननंतर स्लीप २०. पाच सेकंदांनी सुटून कोड १३७ यायला हवा. वीस सेकंद लागले तर '-के' लागलेलं नाही.

आणि पॅकेज इन्स्टॉल करणारी किंवा डेटाबेसची रचना बदलणारी कमांड असेल तर तिला टाइमआउट लावण्याआधी दोनदा विचार करा. काही गोष्टी उशिरा संपलेल्या परवडतात, अर्धवट मेलेल्या परवडत नाहीत.

५. मर्यादा कोणाला लागली ते बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

पाइप. 'टाइमआउट ६० डंप | जीझिप > बॅकअप.जीझेड' ही ओळ घ्या, यातली डंप म्हणजे डेटा बाहेर काढणारी कमांड. मर्यादा फक्त डंपला आहे, जीझिपला नाही. साठाव्या सेकंदाला डंप मेला, पाइप बंद झाला, जीझिपला वाटलं इनपुट संपलं, त्याने फाइलचा शेवट व्यवस्थित लिहिला आणि ० देऊन बाहेर पडला. ओळीचा कोड शेवटच्या कमांडचा, म्हणजे ०. आता तुमच्याकडे अर्ध्या डेटाची फाइल आहे जी 'जीझिप -टी' ने तपासली तरी पास होते, आणि हे कळणार कधी तर रिस्टोअर करायची वेळ येईल तेव्हा. स्क्रिप्टच्या वर 'सेट -ओ पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी ओळ फसली असं धरणारं) टाकलं तर निदान १२४ बाहेर दिसतो. पूर्ण पाइपलाच मर्यादा हवी असेल तर ती बॅशच्या पोटात घाला:

टाइमआउट -के १० ६० बॅश -सी 'सेट -ओ पाइपफेल; डंप "$१" | जीझिप > "$२"' _ "$डीबी" "$फाइल"

व्हेरिएबल कोटच्या आत घुसवू नका, असे बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून द्या, नाहीतर नावात स्पेस किंवा कोट आला की वेगळाच खेळ सुरू होतो. आणि बाहेरच्या स्क्रिप्टचं पाइपफेल आतल्या नव्या बॅशला आपोआप लागत नाही, म्हणून ते आत परत लिहिलंय.

फंक्शन. टाइमआउट हा बाहेरचा प्रोग्रॅम आहे, त्याला तुमच्या स्क्रिप्टमधली फंक्शन, अलायस किंवा शेलचे बिल्टइन दिसत नाहीत. 'टाइमआउट ६० माझं_फंक्शन' केलं की १२७. एक तर 'एक्सपोर्ट -एफ' करून बॅश -सी मधून बोलवा, नाहीतर ते फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढा. मला दुसरं बरं वाटतं, कारण एक्सपोर्ट केलेल्या फंक्शनला लागणारी व्हेरिएबलही एक्सपोर्ट करायला लागतात आणि त्यातली एक तरी राहतेच.

सुडो. 'टाइमआउट ६० सुडो कमांड' मध्ये टाइमआउट साध्या युजरचं आणि कमांड रूटची, त्यामुळे सिग्नल पाठवायची परवानगीच नसते. 'सुडो टाइमआउट ६० कमांड' असं उलटं लिहा.

एसएसएच. बाहेरून टाइमआउट लावलं तर तुमच्या बाजूचा एसएसएच मरतो, पलीकडच्या मशीनवरची कमांड चालूच राहू शकते. टाइमआउट पलीकडच्या कमांडला लावा, म्हणजे रिमोटला जाणाऱ्या कोटच्या आत, आणि बाहेरून थोडं मोठं दुसरं लावा, नेटवर्कच तुटलं तर त्यासाठी. व्हाइल रीडच्या लूपमध्ये एसएसएच चालवत असाल तर त्याचा इनपुट डेव्ह-नलकडे वळवा, नाहीतर तो लूपची यादीच गिळून टाकतो आणि लूप पहिल्याच होस्टवर संपतो. याला टाइमआउटचा दोष समजून लोक उगाच वेळ वाढवत बसतात.

तपासा: वेळ संपल्यावर दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'पीएस' लावून खरं काम करणारी प्रोसेस गेली का ते बघा. रिमोट असेल तर रिमोटवर जाऊन बघा. टाइमआउटची प्रोसेस गेली एवढ्यावर खूश होऊ नका.

६. एक्झिट कोड लगेच पकडा

कोड असे आहेत: वेळ संपली तर १२४, टाइमआउट स्वतःच फसलं, म्हणजे चुकीची वेळ किंवा ऑप्शन दिला, तर १२५, कमांड सापडली पण चालवता आली नाही तर १२६, सापडलीच नाही तर १२७, आणि किल सिग्नल गेला तर १३७. बाकी काहीही आलं तर तो कमांडचा स्वतःचा कोड.

'-के' लावलेलं असताना फक्त १२४ तपासणं अपुरं आहे. कमांड टर्मने गेली तर १२४, हट्टीपणा करून किलने गेली तर १३७. आता १३७ मेमरी संपल्यावर कर्नलने प्रोसेस मारली तरी येतो, म्हणून लॉगमध्ये नुसतं 'टाइमआउट झालं' असं ठोकून देऊ नका, किती सेकंद चाललं तेही लिहा. वीस सेकंदांत १३७ आला आणि मर्यादा साठची होती, तर तो तुमच्या टाइमआउटचा नाही. 'प्रिझर्व्ह-स्टेटस' हा ऑप्शन लावला तर १२४ ऐवजी कमांडचा कोड मिळतो, टर्मने मेली असेल तर १४३. खास गरज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पकडायची पद्धत ही:

आरसी=०
टाइमआउट -के १० ६० ./बॅकअप.एसएच || आरसी=$?

'सेट -ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारं) चालू असलं तरी स्क्रिप्ट इथे तुटत नाही आणि कोडही हातात राहतो. चुकीच्या पद्धती तीन आहेत आणि तिन्ही सर्रास दिसतात. पहिली, मधे एक एको टाकून मग कोड वाचणं, तिथे एकोचा कोड मिळतो. दुसरी, 'इफ ! टाइमआउट ...' लिहून देनच्या आत कोड वाचणं, उद्गारचिन्हाने तो उलटवलेला असतो, त्यामुळे आत नेहमी ० च दिसणार. तिसरी, फंक्शनमध्ये 'लोकल आउट=$(टाइमआउट ...)' एका ओळीत लिहिणं, इथे मिळतो तो लोकलचा कोड. लोकल वेगळ्या ओळीवर, असाइनमेंट वेगळ्या ओळीवर.

मग केस लावून तीन वाटा करा: ० असेल तर पुढे, १२४ किंवा १३७ असेल तर परत प्रयत्न करायचा का ते ठरवा, १२५ ते १२७ असेल तर लगेच थांबा, कारण ती लिहिण्यातली चूक आहे आणि शंभरदा चालवली तरी सुधारणार नाही.

७. अर्धवट राहिलेलं आवरा

मर्यादा लावली म्हणजे कमांड कुठल्याही क्षणी मरू शकते हे गृहीत धरूनच फाइल लिहायची. आउटपुट आधी त्याच फोल्डरमध्ये टेम्प नावाने लिहा, कोड ० आला तरच 'एमव्ही' करून खरं नाव द्या. टेम्प फाइल दुसऱ्या डिस्कवर असेल तर एमव्ही म्हणजे कॉपीच होते आणि ती पण मधे तुटू शकते, म्हणून फोल्डर तोच.

आतल्या स्क्रिप्टमध्ये ट्रॅप लावून टर्मवर साफसफाई करता येते, पण ती '-के' च्या सवलतीत संपली पाहिजे. साफसफाईला वीस सेकंद लागत असतील आणि सवलत दहाची असेल तर ट्रॅप लिहिल्याचा काहीच फायदा नाही.

८. परत प्रयत्न आणि एकूण बजेट

तीनदा प्रयत्न करायचे असतील तर कागदावर बेरीज करा. एक प्रयत्न ६० अधिक १०, असे तीन म्हणजे २१०, मधे पंधरा-पंधरा सेकंदांचे दोन विराम म्हणजे २४०. चार मिनिटं. क्रॉन (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) दर तीन मिनिटांनी असेल तर वाईट दिवशी रन एकावर एक चढणार.

त्यापेक्षा पूर्ण कामाला एकच बजेट द्या. बॅशमध्ये सेकंड्स नावाचं व्हेरिएबल आपोआप वाढत असतं, सुरुवातीला ते ० करा आणि प्रत्येक प्रयत्नाआधी 'उरले=$((१८० - सेकंड्स))' काढून तोच आकडा टाइमआउटला द्या.

धोका: उरलेला वेळ बरोबर ० आला तर टाइमआउट मर्यादाच काढून टाकतं, म्हणजे बजेट संपलं त्याच क्षणी कमांडला मोकळं रान. उणे आला तर ते त्याला ऑप्शन समजून १२५ देतं. म्हणून उरलेला वेळ ० किंवा कमी असेल तर लूपमधून बाहेर पडा, ही अट टाइमआउटच्या आधी लिहा. वेळ कॉन्फिग फाइलमधून येत असेल तरी हीच तपासणी करा, कोणीतरी कधीतरी तिथे ० लिहून ठेवतंच.

९. क्रॉन आणि टर्मिनल, दोन्हीकडे चालवून बघा

क्रॉनमध्ये टाइमआउटबरोबर लॉकही लावा: 'एफलॉक -एन /टीएमपी/काम.लॉक टाइमआउट -के १० १७० ./काम.एसएच'. आधीचं रन चालू असेल तर नवीन सुरूच होत नाही. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या सर्व्हिससाठी रनटाइममॅक्ससेक आहे, पण वनशॉट प्रकारच्या सर्व्हिसला ते लागू होत नाही, तिथे टाइमआउटस्टार्टसेक लावा.

टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालवली की वेगळीच गंमत. टाइमआउट कमांडला वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये टाकतं, म्हणजे मुलं-नातवंडं एकत्र मारता यावीत. त्याचा परिणाम असा की कंट्रोल-सी दाबलं तरी ते कमांडपर्यंत पोचत नाही, आणि कमांडने पासवर्ड विचारायला कीबोर्डवरून वाचायचा प्रयत्न केला की ती जागीच थांबवली जाते आणि वेळ संपेपर्यंत तशीच बसते. 'फोरग्राउंड' ऑप्शनने दोन्ही सुटतं, पण मग कमांडने सुरू केलेल्या पोटातल्या प्रोसेसना सिग्नल जात नाही. क्रॉनसाठी तो ऑप्शन नको, माणसासमोर चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी हवा.

१०. एवढं करूनही अडकत असेल तर

अडकलेल्या क्षणी 'पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,स्टॅट,ईटाइम,आर्ग्ज' चालवा आणि स्टॅटचा कॉलम बघा. तिथे डी दिसत असेल तर प्रोसेस कर्नलमध्ये डिस्कची किंवा बंद पडलेल्या एनएफएसची (नेटवर्कवरची डिस्क) वाट बघतेय, तिला किलही लगेच लागत नाही, आणि शेलमधून तुम्ही काही करू शकत नाही, माउंट दुरुस्त करा. तिथे टी असेल तर वरचा कीबोर्डवाला प्रकार आहे.

पीजीआयडी वेगळा दिसत असेल तर कमांडने सेटएसआयडी करून आपला वेगळा संसार थाटलाय, टाइमआउटचा सिग्नल तिथे जात नाही. अशा कमांडला बहुतेक वेळा 'बॅकग्राउंडला जाऊ नको' असा ऑप्शन असतो, तो शोधा.

आणि कमांड मेलेली दिसतेय पण '$(...)' असलेली ओळ सुटत नाही, असं असेल तर अशाच सुटलेल्या एखाद्या प्रोसेसने आउटपुटचा पाइप धरून ठेवलाय. तो शेवटचा धरणारा सोडेपर्यंत शेल थांबतं. आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि टाइमआउट परतल्यावर फाइल वाचा, मग पाइप कोणी धरला याची वाट बघावी लागत नाही.